आधी मला सांग

शाळेत मुलींशी बोलायला गेले की मी बुटाचा एक रिकामा खोका सोबत नेते. झाकणाला चीर पाडलेली. बोलणं संपलं की मुलींना कोरे कागद वाटायचे. जे विचारायचं ते लिहा, नाव घालू नका, घडी करून खोक्यात टाका, एवढंच सांगायचं. तासभर एकही हात वर न करणाऱ्या मुली मग खाली माना घालून भराभरा लिहायला लागतात. कागद पुरत नाहीत. कुणी वहीचं मधलं पान फाडतं, कुणी लिहिलेलं खोडून पुन्हा लिहितं.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गेली काही वर्षं मी अशी फिरते आहे. दोन्हींच्या मधून भीमा वाहते. न्हावऱ्याहून पारगावमार्गे केडगाव-चौफुल्याला जाणाऱ्या एसटीत बसलं की नदीच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर ऊस. अलीकडे रांजणगावची एमआयडीसी, पलीकडे दौंडचं रेल्वे जंक्शन आणि वाटेत गुऱ्हाळं. गावं वेगळी, घरं वेगळी. खोक्यातल्या चिठ्ठ्या मात्र दोन्ही काठांवर सारख्याच निघतात.

‘पाळीत देवाला शिवायचं नाही म्हणतात, मग ते रक्त घाण असतं का?’ ‘मुलाच्या गाडीवर बसलं तर दिवस जातात का?’ ‘मला रात्री झोप येत नाही, छाती धडधडते, आजी म्हणते बाहेरचं आहे.’ ‘आमच्या नात्यातला एक दादा मुद्दाम अंगाला हात लावतो. आईला सांगितलं तर ती मलाच ओरडेल.’ अलीकडे मुलांच्या वर्गातही खोका नेते. तिथल्या चिठ्ठ्या निराळ्या, पण भीती तीच. ‘झोपेत वीर्य जातं, एकानं औषधाचे पाच हजार मागितलेत, खरंच ताकद कमी होते का?’ आणि एक प्रश्न तर हमखास असतोच, ‘मुलगी नाही म्हणते तेव्हा मनातून हो असतं ना?’

बहुतेक चिठ्ठ्यांची उत्तरं तिथल्या तिथे देता येतात. पाळीचं रक्त घाण नसतं. गाडीवर बसून कुणाला दिवस जात नाहीत. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, त्याला पाच हजारांचं काय, पाच रुपयांचंही औषध लागत नाही. आणि ‘नाही’ म्हणजे नाहीच. वर्ग हसतो, थोडा सैल होतो, मलाही बरं वाटतं.

पण एक चिठ्ठी माझ्याकडून राहून गेली. तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा दिवस, शेवटची एसटी चुकेल म्हणून माझी घाई. उरलेल्या पाच-सहा चिठ्ठ्या तशाच पर्समध्ये कोंबल्या आणि निघाले. रात्री घरी येऊन उघडल्या. त्यातली एक अशी होती: ‘मॅडम, मला तो आवडतो. तो म्हणाला फोटो पाठव नाहीतर मी जीव देईन. मी पाठवला. आता म्हणतो एकटी भेटायला ये नाहीतर सगळ्यांना दाखवीन. आईला सांगितलं तर शाळा बंद करतील आणि लग्न लावून देतील. मी काय करू?’

मी लगेच वर्गशिक्षिकेला फोन केला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, ‘ताई, नाव नाही, आता उद्यापासून सुट्टी. आणि सगळ्यांसमोर विचारलं तर गावभर बोभाटा व्हायचा.’ त्यांचंही खरंच होतं. सुट्टी संपल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पुन्हा गेले. वर्गात दोन जागा रिकाम्या होत्या. एकीचे आईवडील तोडीला गेले होते, ती त्यांच्यासोबत गेली. दुसरीचं लग्न झालं, म्हणाले. चिठ्ठी या दोघींपैकी एकीची होती, की समोर बसून माझ्याकडे टक लावून बघणाऱ्या तिसरीचीच होती, मला आजतागायत कळलेलं नाही.

मैत्रिणींनो, ती चिठ्ठी मी नंतर कितीदा तरी वाचली. पहिल्यांदा राग आला तो त्या मुलाचा. मग हळूहळू लक्ष गेलं ते शेवटच्या वाक्याकडे. ‘आईला सांगितलं तर...’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक गंभीर चिठ्ठीत असतं. त्या मुलाच्या हातात एक फोटो होता, पण त्या फोटोला धार लावली ती आपल्या घरातल्या भीतीनं. घरी सांगता आलं असतं तर त्याच्या धमकीत काय उरलं असतं?

मुलींचं आरोग्य बिघडवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. पण सगळ्यांच्या मुळाशी ही एक बसलेली दिसते. सांगायला माणूस नाही.

ही काही मोबाईलनं आणलेली नवी अडचण नव्हे. याच भागात दोन मोठ्या बायकांनी ती फार आधी ओळखली होती. दौंड तालुक्यातलं केडगाव पंडिता रमाबाईंचं. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी आग्रहानं मांडलं की या देशातल्या बायकांना स्त्री डॉक्टर हवी आहे. कारण साधं होतं. पुरुष डॉक्टरपुढे दुखणं बोलून दाखवण्यापेक्षा बाई ते अंगावर काढते आणि अकाली मरते. तेव्हा रमाबाईंचं वय चोवीसच्या आसपास, नवऱ्याला जाऊन काही महिनेच झालेले, पदरात लहान मुलगी. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या शेकडो मुलींना त्यांनी मध्य प्रांतातून आणलं आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं केलं. ज्यांच्यावर अत्याचार झाले होते आणि म्हणून ज्यांना कुणीच दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी तिथे कृपासदन होतं. ‘तुझं काय झालं ते सांग, दार बंद होणार नाही’, असं म्हणणारं ते घर. १९२२ साली रमाबाई केडगावलाच गेल्या.

दुसऱ्या डॉ. बानू कोयाजी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात त्या १९४४ साली आल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचं प्रसूतिगृह होतं. सत्तरच्या दशकात त्यांनी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातलीच माणसं निवडून त्यांना आरोग्यसेवक म्हणून शिकवायचं, ही त्यांची पद्धत. शहरातल्या डॉक्टरला जे कुणी सांगत नाही ते गावातल्या ओळखीच्या माणसाला सांगतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे त्यांनी गावातल्या तरुण मुलींच्या आरोग्याकडे मुद्दाम लक्ष दिलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगाव आशाताई दिसते, तिच्यामागे अशा कितीतरी प्रयोगांची पुण्याई आहे.

म्हणजे औषध काय, हे आपल्याला १८८२ पासून माहीत आहे. ऐकणारं, विश्वासाचं माणूस. मग आपण अजून तिथेच का अडकलो?

यावर हमखास एक उत्तर येतं. ‘असलं काही शिकवलं की पोरं बिघडतात हो!’ पालकसभेत एक आजोबा मला तोंडावर म्हणाले होते, ‘बाई, तुम्ही झाकलेलं उघडं करता.’ त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, त्यांची काळजी खरी होती. मोठमोठ्यांनाही हीच भीती वाटली. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं तेव्हा त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! आणि ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, आपल्याच राज्य सरकारनं शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली होती.

पण आजोबांना मी तेव्हा जे विचारलं तेच तुम्हालाही विचारते. झाकलेलं आता राहिलंय कुठे? नववीतल्या मुलाच्या खिशात मोबाईल आहे. जे बघू नये ते त्यानं बघितलंय. तिथे बाईला विचारलं जात नाही, ती नाही म्हणत नाही, तिला दुखत नाही. त्याची शाळा तीच. आपण गप्प बसलो तर त्या मास्तराला मोकळं रान. युनेस्कोनं जगभरातले अभ्यास तपासून २०१८ मध्ये सांगितलंय की असं शिक्षण दिल्यानं मुलं लवकर त्या वाटेला जात नाहीत, उलट जपून वागतात.

दुसरं उत्तर आहे लग्न. मुलीचं नाव कुणाशी जोडलं गेलं, कुणी तिला स्टँडवर बोलताना पाहिलं, की ‘उरकून टाकू’. ऊसतोडीच्या घरांत तर आणखी एक हिशेब असतो. तोडीला जोडप्याला मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचल जोडप्यावर मिळते. मागं पाल टाकून एकट्या मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हाही प्रश्न असतोच. गरीब आईबापाची ती अडचण मी समजू शकते. पण आकडा काय सांगतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. पाच जणींत एक! ज्या मुलीला ‘नाही’ कसं म्हणायचं हे कुणी शिकवलं नाही, तिला आपण अशा खोलीत पाठवतो जिथे ‘नाही’ म्हणायची तिला सोयच नाही.

इथे कायद्याचं थोडं बोलायलाच हवं, कारण त्याची अर्धवट माहिती माहिती नसण्याहून वाईट. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती ही संमतीच धरली जात नाही. दोघांचं प्रेम असलं तरी गुन्हा मुलावर नोंदतो. एकोणीस वर्षांच्या, नुकत्याच कंपनीत लागलेल्या पोरालाही हे कुणी सांगत नाही, तो कळतो थेट तुरुंगात गेल्यावर. मुलांच्या आयांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का! २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलंय की बायको अठराखालची असेल तर नवऱ्याचाही तो गुन्हाच. म्हणजे ‘लग्न लावून दिलं, प्रश्न मिटला’ असं होत नाही, प्रश्न वाढतो. पोक्सोमुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून दिवस गेलेल्या मुलीला घेऊन घरचे दवाखान्यात जायला घाबरतात आणि कुठल्यातरी भलत्या ठिकाणी जीव धोक्यात घालतात. तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे प्रत्येक आईला माहीत हवं.

बरं, हे सगळं फक्त मुलींचं आहे का? पालकसभा संपल्यावर आया घोळक्यानं थांबतात. पहिली पाच मिनिटं मुलीबद्दल. मग एक जण हळूच म्हणते, ‘ताई, एक विचारू का?’ आणि स्वतःचं निघतं. अंगावरून पांढरं जातं, खाज येते, वास येतो, चार वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही. संबंधाच्या वेळी दुखतं, पण ‘त्यांना राग येतो’. एक जण मला म्हणाली, ‘नवरा हाय, मारत तर नाय ना. मग बोलायचं काय?’

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. चांगल्या नात्याचं माप आपण किती खाली आणून ठेवलंय! मारत नाही म्हणजे चांगला. माझ्या मते नात्याची खरी पारख एकाच प्रश्नानं होते: या माणसाला मला ‘आज नको’ म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर मी निर्धास्त झोपू शकते का? प्रियकर असो, नवरा असो, की जीव देईन म्हणणारा वर्गातला पोरगा असो, प्रश्न तोच. जो नकार ऐकून रुसेल पण तुमचा आदर सोडणार नाही, तो आपला. जो नकाराची शिक्षा देतो, मग ती मारून असो, अबोला धरून असो, संशय घेऊन असो नाहीतर फोटो दाखवायची धमकी देऊन असो, त्याचं प्रेम नाही, ताबा आहे. अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्यानं केलेली बळजबरी आपल्या फौजदारी कायद्यात अजूनही बलात्कार धरली जात नाही, हे दुर्दैव. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचारच मानलाय, आणि त्यासाठी दाद मागता येते.

आणि मनाचं दुखणं? ते तर आपल्या हिशेबातच नाही. ‘बाहेरचं आहे’ म्हणून आधी देवऋषी, मग गंडा, मग ‘नाटकं करते’. सतत उदास वाटणं, झोप उडणं, भूक जाणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. आणि मुलगी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणाली, तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही. धमकी समजून झटकायचं नाही. तिच्याजवळ बसायचं, तिला एकटं सोडायचं नाही आणि मदत मागायची.

मदत कुठे? १४४१६ हा टेलिमानसचा नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे मुलगा-मुलगी कुणीही जाऊन विचारू शकतं. आणि गावात आशाताई आहेच.

पण मैत्रिणींनो, नंबर पाठ करून भागत नाही. नंबर फिरवायच्या आधी मूल घरात कुणाकडे तरी बघतं. त्या वेळी आपला चेहरा कसा असतो? माझ्या मुलीनं सातवीत असताना मला काहीतरी विचारलं होतं. मी कामात होते, ‘हे कुठून शिकलीस?’ म्हणून खेकसले. उत्तर द्यायचं राहिलंच. त्यानंतर दोन वर्षं तिनं मला काही विचारलं नाही. दुसऱ्यांच्या मुलींपुढे खोका घेऊन जाणारी मी, घरातली चिठ्ठी मीच परत केली होती! एका संध्याकाळी भाजी निवडताना मी तिला म्हटलं, ‘तेव्हा माझं चुकलं. आता कधीही, काहीही झालं तरी आधी मला सांग. मी ओरडणार नाही. शाळा बंद करणार नाही. आपण दोघी मिळून बघू.’ ती काही बोलली नाही. पण पंधरा दिवसांनी बोलली.

एवढंच करा, असं मला सगळ्या आयांना सांगायचंय. लैंगिक शिक्षण म्हटलं की तुम्हाला तक्ते, चित्रं, डॉक्टर असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं आणि तोंडाला कुलूप बसतं. ते शाळेनं करावं, करायलाच हवं. घरानं फक्त ही चार वाक्यं म्हणावीत. मुलीला म्हणावीत आणि मुलालाही. त्यालाही कुणीतरी फसवतं, त्यालाही कुणीतरी नको तिथे हात लावतं, त्यालाही रडू येतं. ‘पोरीसारखं काय रडतोस’ म्हणून आपणच त्याचं तोंड बंद करतो, आणि मग तो मोठा झाल्यावर बोलत नाही, मारतो, म्हणून आपणच रडतो. आणि बाबांनी म्हटली ही वाक्यं तर सोन्याहून पिवळं. ज्या घरात बाप म्हणतो ‘सांग, मी आहे’, त्या घरातल्या पोरीला कुणी फोटोची धमकी देऊन बघावंच!

मी आता वर्गात चिठ्ठ्या वाचायच्या आधीच फोटोचं सांगून टाकते. कुणी फोटोवरून धमकी देत असेल तर गुन्हा त्याचा आहे, तुझा नाही. मेसेज पुसू नकोस, एकटी भेटायला जाऊ नकोस, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग, कुणीच नसेल तर १०९८. हे सांगताना मी मुद्दाम कुणाकडे बघत नाही. आणि सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्याशिवाय आता उठतही नाही. गेली एसटी तर गेली.

खोका तोच आहे. कोपरे झिजलेत, दोनदा चिकटपट्टी लावून झाली. तो एक दिवस रिकामा निघावा, मुलींनी कागद परत करत म्हणावं, ‘मॅडम, आम्ही घरीच विचारलं’, असं मला फार वाटतं. तोवर मी येत राहीन. पण तुमच्या घरातली चिठ्ठी माझ्या खोक्यात यायच्या आधी तुमच्यापर्यंत पोचायला हवी, नाही का?